बूशेचे मेंढपाळ आणि दिलमूनची बाग : रोकोको गोपचित्राची ओळख

हिरवीनिळी झाडी, मऊ उजेड, गवतावर विसावलेली मेंढरे आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून एकमेकांत रमलेले एक तरुण जोडपे. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये अशा चित्रांना प्रचंड मागणी होती. युरोपीय कलेतिहासात त्यांना ‘पॅस्टोरल’ म्हणतात. मराठीत ‘गोपचित्र’ हा शब्द त्यासाठी योग्य ठरेल. या प्रकाराला सर्वाधिक लोकप्रियता मिळवून देणारा चित्रकार म्हणजे फ्रांस्वा बूशे (१७०३–१७७०). लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधील त्याचे ‘शरद ऋतूतील गोपचित्र’ हे १७४९ मधील तैलचित्र या परंपरेचा उत्तम नमुना मानले जाते. साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले, तेही याच वर्षी.

या चित्राची जन्मकथा, त्यामागचा समाज आणि त्यावर झालेली टीका यांचा परिचय येथे करून दिला आहे. बहरीनमध्ये राहणाऱ्या वाचकाला या विषयाचे आणखी एक कारण आहे. दुःखविरहित, हिरव्या, निष्पाप भूमीची जी कल्पना बूशेने रंगवली, तिचे ज्ञात असलेले सर्वांत जुने वर्णनांपैकी एक याच बेटाशी जोडले गेले आहे.

रोकोको : शब्द आणि काळ

‘रोकोको’ हे नाव त्या शैलीच्या चाहत्यांनी दिलेले नाही. बागेतील कृत्रिम गुहा शंखशिंपले आणि गारगोट्यांनी सजवण्याच्या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘रोकाय’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या पिढीच्या चित्रकारांनी त्या शब्दाची मोडतोड करून कुचेष्टेने ‘रोकोको’ हे नाव रूढ केले. पुढे तेच इतिहासाच्या पुस्तकांत स्थिरावले.

शैलीचा उगम मात्र एका राजकीय बदलात आहे. १७१५ मध्ये चौदावा लुई मरण पावला आणि दरबार व्हर्सायहून काही वर्षांसाठी पॅरिसला आला. सरदारांनी शहरात वाडे बांधले. त्या वाड्यांतील दालने राजवाड्याच्या मानाने लहान, उबदार आणि गप्पागोष्टींसाठी सोयीची होती. युद्धाची आणि विजयाची भव्य चित्रे तेथे शोभणारी नव्हती. फिके रंग, वळणदार रेषा, असममित नक्षी आणि हलकेफुलके विषय यांना भाव आला. आंत्वान वातो (१६८४–१७२१) याने बागेत रमणाऱ्या स्त्रीपुरुषांची स्वप्नवत चित्रे काढून या अभिरुचीला दिशा दिली. बूशेने तिला मेंढपाळाचा वेश चढवला.

मेंढपाळाची जुनी वंशावळ

हा वेश त्याने नव्याने शिवलेला नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिलीत जन्मलेल्या थिओक्रिटस या ग्रीक कवीने गुराख्यांच्या तोंडी गाणी घातली. त्याचा वारसा रोमन कवी व्हर्जिलने चालवला आणि ‘आर्केडिया’ हा ग्रीसमधील डोंगराळ, कष्टाचा प्रदेश कल्पनेतील सुखभूमी बनला. सतराव्या शतकाच्या आरंभी ओनोरे द्युर्फे याच्या ‘लास्त्रे’ या प्रदीर्घ कादंबरीने ही हौस फ्रेंच सरदारांच्या दिवाणखान्यांत आणली. या साऱ्या लेखनाचे एक वैशिष्ट्य आहे : लिहिणारे आणि वाचणारे शहरातले, आणि नायक मात्र रानातला. गोपकाव्य गुराख्यांनी रचलेले नसते. ज्यांना गुराखी व्हावे असे क्षणभर वाटते, पण होण्याची गरज नसते, त्यांनी ते रचलेले असते.

रंगभूमीवरून कॅनव्हासवर

बूशेचे मेंढपाळ थेट मेंढवाड्यातून आलेले नाहीत. ते आले नाटकातून. शार्ल-सिमों फाव्हार हा नाटककार बूशेचा मित्र होता. १७४५ मध्ये पॅरिसच्या सें-लोरां जत्रेत त्याने एक मूकनाट्य सादर केले; द्राक्षांच्या सुगीवर त्याचे कथानक बेतलेले होते. ते मूक असण्याचे कारण कलात्मक नव्हते. त्या सुमारास ‘ऑपेरा-कोमिक’ या मंडळीवर बंदी आल्यामुळे संवाद व गाणी वर्ज्य झाली होती आणि सारी भिस्त हावभावांवर ठेवावी लागली. त्यातील छोटा मेंढपाळ आणि लिझेत ही तरुणी यांचा द्राक्षे भरवण्याचा प्रसंग विशेष गाजला.

बूशेने हाच प्रसंग वारंवार रंगवला. १७४७ मधील त्याची एक आवृत्ती आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. या चित्राला मिळालेल्या नावाचा अर्थ ‘त्यांचे लक्ष द्राक्षांकडे आहे का?’ असा मिश्किल आहे. दोन वर्षांनी, ‘शरद ऋतूतील गोपचित्रा’त, तो प्रसंग सुमारे अडीच मीटरहून उंच आणि दोन मीटर रुंद कॅनव्हासवर अवतरला. त्याचे जोडचित्र ‘ग्रीष्मातील गोपचित्र’ याच संग्रहात आहे.

मूकनाट्याचा ठसा चित्रात स्पष्ट दिसतो. हात, मान आणि नजर यांच्या दिशांतूनच कथा कळते. मागची झाडी रंगमंचावरील पडद्यासारखी आहे. तिच्यात खोली आहे, पण वारा नाही. पोशाख रेशमी आहेत आणि मेंढरे धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. निसर्ग फारच हिरवा असतो आणि त्यावरचा उजेडही नीट पडलेला नसतो, अशी तक्रार बूशेने केल्याची आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्याच्या झाडांचा निळसर रंग पाहिला की ती का रुजली हे समजते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये सापडलेला ‘प्रशियन ब्लू’ हा कृत्रिम निळा रंग स्वस्त होता आणि त्या पिढीच्या चित्रकारांनी तो मुक्तहस्ते वापरला.

चित्र कोणाच्या भिंतीवर होते?

ही जोडचित्रे दानिएल-शार्ल त्र्यूदेन याच्यासाठी, त्याच्या मोंतिन्यी येथील ग्रामीण प्रासादाकरिता काढली गेली. हा मुद्दा केवळ मालकीच्या नोंदीचा नाही. त्र्यूदेन हा फ्रान्सच्या वित्तखात्यातील वरिष्ठ आणि कर्तबगार अधिकारी होता. १७४३ पासून देशातील रस्ते आणि पूल यांचा कारभार त्याच्याकडे होता. १७४७ मध्ये त्याच्याच पुढाकाराने पॅरिसमध्ये रस्ते व पूल बांधणीचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. जगातील अगदी आरंभीच्या स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयांत तिची गणना होते आणि ती आजही चालू आहे.

ते प्रशस्त राजरस्ते मोठ्या प्रमाणात वेठबिगारीने बांधले गेले. ‘कॉर्व्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार रस्त्यालगतच्या गावांतील शेतकऱ्यांना दरवर्षी काही दिवस, स्वतःची जनावरे आणि गाड्या घेऊन, विनामोबदला राबावे लागे. सरदार आणि धर्मगुरू यांना त्यातून सूट होती. १७७६ मध्ये अर्थमंत्री त्युर्गोने ही सक्ती रद्द केली. त्याची गच्छंती होताच ती परत आली आणि १७८७ मध्ये कायमची संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी क्रांती झाली.

म्हणजे फ्रेंच खेडुताच्या श्रमाचा हिशेब ज्याच्या कचेरीत होत होता, त्याच्या घराच्या भिंतीवर श्रम न करणारा खेडूत होता. यात त्र्यूदेनचा दुटप्पीपणा शोधण्याचे कारण नाही. त्याच्या वर्गातील जवळजवळ प्रत्येकाच्या घरी असेच चित्र, पडदा किंवा बाहुली होती. चित्रातून काय वगळले आहे हे समजण्यासाठी मात्र ही माहिती उपयोगी पडते. बूशेच्या गोपचित्रांत लोकर कातरणारा, दूध काढणारा, खंड भरणारा किंवा म्हातारा झालेला मेंढपाळ सहसा येत नाही.

चित्र घरोघरी कसे पोहोचले

बूशे हा केवळ चित्रकार नव्हता. तो आकृतिबंधांचा पुरवठादार होता. बोव्हे येथील मागांवर त्याच्या रेखाटनांवरून भिंतीवरचे चित्रपट विणले जात. व्हांसेन येथील चिनी मातीच्या कारखान्याने (हा कारखाना १७५६ मध्ये सेव्र येथे हलला) द्राक्षे खाणाऱ्या जोडप्याच्या पांढऱ्या, झिलई नसलेल्या मूर्ती घडवल्या. ज्यांना यांपैकी काहीच परवडत नसे त्यांच्यासाठी ताम्रपटावरून काढलेली छापचित्रे होती. मराठी वाचकाला ही साखळी अपरिचित वाटू नये. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे अशीच माजघरापर्यंत नेली. मूळ चित्र एका धनिकाच्या दालनात राहते. त्याची प्रत मात्र साऱ्या समाजाची दृष्टी घडवते.

बूशेला राजाश्रयही मिळाला. पंधराव्या लुईची प्रेयसी आणि सल्लागार मादाम द पॉम्पादूर ही त्याची मोठी आश्रयदाती होती. १७६५ मध्ये तो राजाचा प्रथम चित्रकार झाला.

टीका, अस्त आणि पुनरागमन

त्याच काळात लेखक-तत्त्वज्ञ देनी दिदेरो पॅरिसच्या प्रदर्शनांची परीक्षणे लिहीत होता. ती हस्तलिखित स्वरूपात युरोपातील निवडक वर्गणीदारांकडे जात. १७६१ मध्ये त्याने बूशेची रंगसंगती, विविधता आणि कल्पकता मान्य केली, पण या माणसापाशी सत्य सोडून सारे काही आहे, अशा आशयाचा शेरा मारला. रानाच्या एका कोपऱ्यात इतके उंची कपडे घातलेली माणसे, स्त्रिया, मुले आणि जनावरे एकत्र कशी आली, हा त्याचा साधा प्रश्न होता. पुढच्या परीक्षणांत सूर आणखी तिखट झाला.

दिदेरोची टीका अभिरुचीपुरती मर्यादित राहिली नाही. १७८० च्या दशकात राणी मारी आंत्वानेत हिने व्हर्सायच्या आवारात एक कृत्रिम खेडेच उभारून घेतले. तेथे शाकारलेली घरे, तळे आणि दूधदुभत्याची व्यवस्था होती. चित्रात शिरण्याची इच्छा याहून स्पष्टपणे व्यक्त होणे कठीण. भाकरी महाग झालेल्या देशात त्या खेड्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे सांगायला नको. क्रांतीनंतर रोकोको चित्रांची किंमत कोसळली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोंकूर बंधूंच्या लेखनाने आणि धनाढ्य संग्राहकांच्या आवडीने ती पुन्हा वर आली. लॉर्ड हर्टफर्ड हा त्यांपैकी एक. त्याच्या घराण्याचा संग्रह १८९७ मध्ये लेडी वॉलेस हिने ब्रिटिश राष्ट्राला दिला.

आजचे अभ्यासक दिदेरोच्या आक्षेपाला अंतिम निकाल मानत नाहीत. बूशेने खेड्याचे वार्तांकन केल्याचा दावा कधी केलाच नव्हता. त्याने इच्छेचे चित्र काढले, आणि त्या इच्छेचे चित्रण मात्र अचूक आहे, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही बाजू एकाच वेळी लक्षात ठेवणे शक्य आहे.

वृंदावन आणि गवळण

बूशे पॅरिसमध्ये मेंढपाळ रंगवत होता, साधारण त्याच दशकांत राजस्थानात किशनगड येथे निहालचंद हा चित्रकार राजा सावंतसिंहासाठी राधाकृष्णाच्या कुंजलीला रंगवत होता. तेथेही तळी, झाडी आणि दागिन्यांनी नटलेला गवळी आहे. फरक असा की तेथील गुराखी देव आहे. त्याचे ऐश्वर्य वेशांतर नसून त्याचे मूळ रूप आहे, त्यामुळे रेशमी वस्त्रे कुठून आली हा दिदेरोचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. शिवाय सावंतसिंहाने ती कल्पना भिंतीवर ठेवली नाही; १७५७ मध्ये राज्य सोडून तो वृंदावनात राहायला गेला.

महाराष्ट्रात हीच भूमी संत एकनाथांच्या गवळणींत आणि पुढे तमाशाच्या फडावर आली. मराठी गवळणीतल्या गोपिकांना मात्र काम असते. त्या दूध विकायला मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात, त्यांना उशीर होत असतो, माठ फुटतो, नुकसान होते. गोपकाल्यात प्रत्येकाच्या शिदोरीतला पदार्थ एकत्र कालवला जातो. कष्ट आणि कमाई यांचा विसर न पाडता रचलेले हे गोपविश्व आहे.

दिलमून : बहरीनचे आद्य गोपचित्र

मेसोपोटेमियातील सुमेरी भाषेत, मातीच्या पाट्यांवर लिहिलेली ‘एन्की आणि निन्हुर्साग’ ही पुराणकथा चार हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. तिच्या आरंभी दिलमून या पवित्र, निर्मळ भूमीचे वर्णन येते. तेथे सिंह शिकार करत नाही, लांडगा कोकरू पळवत नाही, आजारपण आणि वार्धक्य यांची तक्रार कोणी करत नाही. पण तेथे एक उणीव असते : गोडे पाणी नसते. देवता ते मागते, एन्की ते जमिनीतून वर आणवतो आणि मग दिलमून धान्याने व व्यापाराने भरून जाते.

१९५३ पासून पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश मोहिमेने बहरीनमध्ये केलेल्या उत्खननांनी हे बेट दिलमून संस्कृतीचे केंद्र असल्याचे मत दृढ केले. बार्बार येथील मंदिर गोड्या पाण्याच्या झऱ्यावर उभे असल्याचे आढळले. कलअत अल-बहरीन या स्थळाला २००५ मध्ये आणि दिलमूनच्या दफनटेकड्यांना २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. येथे सापडलेल्या गोल मुद्रांवर हरणे, बैल, खजुरीची फांदी आणि नळीने एकाच भांड्यातून पेय पिणारी माणसे कोरलेली आहेत. नखाएवढ्या दगडावरची ही चित्रे व्यापारी मालावर ठसा उमटवण्यासाठी होती. सिंधू खोऱ्याशी, म्हणजे मेसोपोटेमियन लेखांतील ‘मेलुहा’शी, दिलमूनचा व्यापार चाले.

या कल्पनाचित्राला भौगोलिक आधार होता. बहरीनच्या उत्तर भागात जमिनीतून आणि उथळ समुद्राच्या तळातूनही गोडे पाणी उसळत असे. मोती काढणारे पाणबुडे समुद्रातल्या झऱ्यांतून पिण्याचे पाणी भरून घेत. या पाण्यावर खजुरीच्या बागा पोसल्या. त्या बागांतही बूशेच्या चित्रात न येणारा माणूस होता : बाग कसणारा बहुधा मालक नसून खंडकरी असे. अधारी या प्रसिद्ध झऱ्याविषयी आखाती देशांत एक म्हण आहे की अधारी लांबच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला कोरडे ठेवते. पाणी पाटांनी दूरच्या बागांकडे वाहत जाई, त्यावरून ती पडली. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणणाऱ्या आणि परक्या भूमीवर कमावून घरी पैसे पाठवणाऱ्या मराठी माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९२५ मध्ये फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या अभियंत्याने येथे पाण्यासाठी खोल विहिरी खोदून दिल्या. त्याच वर्षी त्याला तेलाचा परवाना मिळाला. १९३२ मध्ये आखाताच्या अरब किनाऱ्यावरील पहिले तेल बहरीनमध्ये लागले. पुढच्या दशकांत उपसा वाढला, झऱ्यांचा दाब घटला, भूजलात खारेपणा शिरला आणि शहर पसरत गेले तशा बागा आक्रसल्या. अधारीचा नैसर्गिक झराही आटला. आज बेटाची तहान मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प भागवतात. पुराणकथेत एन्कीने वर आणलेले पाणी अशा रीतीने एका शतकाच्या आत खाली गेले. ‘दशलक्ष खजुरींचा देश’ ही बहरीनची जुनी ओळख आता बरीचशी स्मरणातली आहे, आणि स्मरणातली भूमी अधिकच हिरवी दिसू लागते. गोपचित्रे अशाच वेळी लोकप्रिय होतात : रोकोकोतील मेंढपाळ वाड्यात राहणाऱ्यांना हवा होता, आणि कोकणातल्या कौलारू घराचे, भातखाचराचे छायाचित्र मनामातील विसाव्या मजल्यावरच्या भ्रमणध्वनीवर अधिक पाहिले जाते. त्या छायाचित्रात चिखलणी करणारा माणूस आहे की नाही, हा प्रश्न बूशेच्या चित्राला विचारला जातो तसाच त्यालाही विचारता येतो.

कुठे पाहता येईल

‘शरद ऋतूतील गोपचित्र’ आणि त्याचे जोडचित्र लंडनमधील मँचेस्टर स्क्वेअर येथील हर्टफर्ड हाउसमध्ये, म्हणजेच १९०० मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहेत. कायमस्वरूपी संग्रहासाठी प्रवेशशुल्क नाही. फ्रागोनारचे ‘झोका’ हे १७६७ च्या सुमाराचे सुप्रसिद्ध चित्रही तेथेच आहे; बूशेनंतर रोकोको कोठवर गेली हे त्यावरून ताडता येते.

बहरीनमधील वाचकांना दिलमूनच्या मुद्रा मनामातील राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येतात; हे संग्रहालय १९८८ मध्ये उघडले. कलअत अल-बहरीनच्या परिसरात अजून खजुरीच्या बागा टिकून आहेत. मनामाच्या जुन्या बाजारात, सिंधमधील ठठ्ठा येथून आलेल्या व्यापाऱ्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्थापलेले श्रीनाथजींचे मंदिर आहे. श्रीनाथजी म्हणजे गोवर्धन उचलून गाईगुरांचे आणि गवळ्यांचे पावसापासून रक्षण करणारा कृष्ण. मुद्रांवरचे बैल आणि हरणे, खजुरीची सावली आणि हा गोवर्धनधारी गुराखी हे सारे मनामा व तिच्या आसपास एका दिवसात पाहून होते.